विधवांसाठी राखीव

"भांगात अजून लाली दिसतेय, बौदी. नीट पूस," दीर निमाई दारातूनच म्हणाला.

मिनतीने पदराने भांग खसाखसा पुसला. जित्याजागत्या नवऱ्याच्या नावाचा सिंदूर गेले तीन महिने ती असा रोज पुसत होती, आणि रोज तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

टांग्र्याच्या वस्तीतल्या केंद्रात रुग्णसेविकेचा कोर्स फुकट होता. शेवटी नर्सिंग होममध्ये नोकरी. पण जागा विधवांसाठी राखीव. हा सगळा उद्योग निमाईचा. चेन्नईला बांधकामावर असलेल्या भावाकडे तो गेला आणि येताना भावाच्या मृत्यूचा दाखलाच घेऊन आला. वाटेत तिरुपती करून आलेला त्याचा तुळतुळीत गोटा पाहून मिनती आधी खळखळून हसली होती. दाखला पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"नवरा जिवंत असताना असलं बोलू? जीभ झडेल माझी."

"झडू दे. पोट तर भरेल! दादाचंच म्हणणं आहे हे. आणि त्याला फोन करायचा नाही हं. मेलेला माणूस फोनवर बोलतो हे साहेबांना कळलं, तर आत जाशील. तो माझ्याकडे करेल."

निमाईकडून नवऱ्याचे, सुबलचे निरोप येत राहिले. नीट शीक म्हणाला, तब्येत सांभाळ म्हणाला.

"आणि तो? जेवतो ना वेळेवर?"

"त्याची काळजी करू नकोस," निमाई खाली बघून म्हणे.

विधवेला मासा चालत नाही म्हणून केंद्रातल्या बायका मायेने तिच्या ताटातला मासा काढून डाळ वाढायच्या. त्या मायेचीच तिला जास्त लाज वाटायची. घरी दार लावून मासा खाताना तिला घास गिळवत नसे.

आज कोर्स संपला होता. निमाई बाहेर बाकावर बसला. आत केंद्राच्या साहेबांनी, हलदारबाबूंनी तिच्यापुढे कागद ठेवला.

"इथे स्वतःच्या हाताने लिहा, माझे पती हयात नाहीत. खाली सही. उद्यापासून कामावर जा."

आजवरचे सगळे फॉर्म निमाईने भरले होते. 'माझे पती' इतकं लिहून मिनतीचा हात थांबला.

"नाही लिहवत, बाबू. नोकरी नको मला. दाखला खोटा आहे. माझा नवरा जिवंत आहे, चेन्नईत आहे."

बोलून टाकलं आणि तिला मोकळं वाटलं. आता घरी जाऊन भांग भरायचा, आणि आधी सुबलला फोन करायचा.

हलदारबाबूंनी चष्मा काढला.

"खोटा कसा असेल? आम्ही प्रत्येक दाखला तपासतो. तिथल्या हॉस्पिटलचं उत्तर कालच आलंय." त्यांनी फाइलमधला एक कागद तिच्याकडे सरकवला. "मृतदेह नातेवाइकाच्या ताब्यात दिला, असं लिहिलंय. ही त्यांची सही."

मिनतीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सही मात्र बंगालीत होती. निमाईची.