दोन चिऱ्यांची खिडकी

एकच वस्तू ठेवता येणार होती, आणि ती कुठली हे विमलाने चार वाजेपर्यंत सांगायचं होतं. चारला भिंती फोडणारी माणसं येणार होती.

"प्रत्येक शाखेत आम्ही तसं करतोच, काकू," विनीत म्हणाला. पोरगा कंपनीचा, पुण्याहून आलेला, बोलायला गोड. त्याने हातातल्या टॅबवर महाराष्ट्राचा नकाशा उघडून दाखवला. अंगभर गोवर उठावा तसे लाल ठिपके. "बारा वर्षांपूर्वी हा एवढा एकच पब होता. आता एकशे चौसष्ट आहेत. कोकण तेवढं राहिलं होतं. मागच्या महिन्यात चिपळूण झालं, आता तुमची रत्नागिरी, दिवाळीला कुडाळ. जुनी जागा घेतली की तिथली एक वस्तू ठेवायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या. सांगलीला तराजू आहे. नाशकात रेडिओ."

"आणि मासे?"

"मसाला लावून तळोज्याच्या फॅक्टरीतून येणार. चव सगळीकडे एकच."

"तुमचं पहिलं दुकान होतं तेव्हा रांधायचं कोण?"

"साहेबांच्या मिसेस."

"आणि आता?"

"आता त्या डायरेक्टर आहेत."

विमला हसली. "बरं झालं हो. बसायला मिळालं बिचारीला."

'दर्या परमिट रूम'चा हॉल रिकामा झाला होता. बाकं, टेबलं, बाटल्यांचं कपाट, सगळं सकाळीच टेम्पोत चढलं. नावाची पाटी तेवढी भिंतीला टेकवून ठेवलेली. ती लेकीने, शमिकाने, खोबरेल लावून पुसली होती. पाटीच द्यायची, असं मायलेकींचं घरी ठरलेलंच होतं. आता फक्त विनीतला सांगायचं बाकी होतं.

तेवढ्यात शमिकाची सानवी कुरकुरायला लागली. नऊ महिन्यांची पोर, भूक लागली की कुणाचं ऐकत नाही. "आई, हिला नाचणीचं सत्त्व शिजवून आणते गो," म्हणत शमिका तिला कडेवर घेऊन आत गेली. आत रांधायच्या खोलीत एक शेगडी अजून जागेवर होती.

विमलाचे गुडघे भरून आले. बसायला हॉलमध्ये एकच जागा उरली होती, तिच्या गेलेल्या नवऱ्याची, भिकाजींची. गल्ल्यामागची पाठीची उंच खुर्ची. तिचे पाय त्यांनी स्वतः उभं राहून सिमेंटात पक्के करून घेतले होते, म्हणून ती टेम्पोत गेली नव्हती. आणि पक्की केली तीही अशी तिरकी, की मालकाची अर्धी पाठ दाराकडे. गिऱ्हाईकं हसायची. "शेट, आम्ही येतो हिकडून, तुम्ही बघता खंय?" भिकाजी म्हणायचे, "बसलात की ओरडालच ना. मग येताना कशाला बघू?" एकदा तर दारावरचं घड्याळ कुणीतरी भर दुपारी उतरवून नेलं, तरी पत्ता नाही. त्या दिवशी विमलाने त्यांना जेवताना चांगलंच सुनावलं होतं. "खुर्ची तरी सरळ करून घ्या." ते भात कालवत राहिले होते.

दुकान उघडं असताना घरच्या बाईने हॉलमध्ये यायचं नाही, ही रीत. चाळीस वर्षं शेगडीशी उभं राहून तिने हॉल ओळखला तो आवाजांवरून आणि मधल्या भिंतीतल्या खिडकीतून. जांभ्याचे दोन चिरे काढून केलेली खिडकी ती. तिच्यातून बांगडा सरकवायचा, तिसऱ्यांचं सुकं सरकवायचं. पलीकडून काशीराम वेटरचे हात यायचे. बस, तेवढाच हॉल.

ती खुर्चीवर चढून बसली. पाठ टेकली, मान सैल सोडली. समोर खिडकी होती. अगदी नाकासमोर.

खिडकीत शेगडी होती. शेगडीशी शमिका उभी होती, पोर कडेवर, पदर खोचलेला. परसदाराचा उजेड तिच्या गालावर पडला होता. ती पळी फिरवत काहीतरी पुटपुटत होती, आणि सानवी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. बाकी काही दिसत नव्हतं. ना ओटा, ना मोरी, ना दार. जेमतेम एक बाई मावेल एवढंच.

"आई, कुठे आहेस गो?" शमिकाने वळून विचारलं. "मला इथून काय एक दिसत नाही. तिकडे नुसता काळोख."

"हाय हयसरच," विमला म्हणाली. "तू ढवळ. खाली लागेल."

विनीतने घड्याळ पाहिलं. "मग काकू, पाटी ना?"

विमलाचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

"ही खुर्ची."

"मस्त," विनीत खुलला. "पॉलिश मारू आणि दारात ठेवू. लोक बसून फोटो काढतील."

"उपटायची नाय. हितंच राहू दे. तोंड आहे तिकडेच."

विनीतने टॅबवर बोटाने नकाशा मोठा केला, मग लहान केला. "काकू, तिकडे आता काही नसणार. खिडकी बुजवून कोल्ड रूमची भिंत येतेय. खुर्ची नुसती भिंतीकडे तोंड करून राहील. येणारे-जाणारे हसतील हो."

"हसू देत," विमला म्हणाली. "ह्यांना सवय आहे."

खिडकीत शमिकाने पळी खाली ठेवली आणि कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारली. इकडे काळोखात विमलाचा हात आपसूक कपाळाकडे गेला.