भावाच्या कार्डावर

भावाचं आरोग्य कार्ड पुढे केलं, की स्वतःचं कार्ड काढायला तहसिलातले हेलपाटे वाचणार आणि अपेंडिक्स फुकटात निघणार, असा रघुवीरचा सरळ हिशेब होता. दोघांची चेहरेपट्टी एकच. कुणी निरखून पाहिलं नाही. कार्डही वहिनीनंच डब्यातून काढून दिलं होतं.

तीन वर्षांनी तो थोरला भाऊ, दामोदर, पोट धरून त्याच इस्पितळात आला. रघुवीर सोबत होता.

“तुमचं अपेंडिक्स आम्हीच काढलंय, दुर्बिणीतून,” डॉक्टर स्क्रीनवर बघत म्हणाले. “हा गॅस असणार.”

रघुवीरनं तोंड उघडलं, तसं दामोदरनं त्याचं मनगट दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “गप राहा, शहाण्या. केस होईल तुझ्यावर. गॅसच असेल.”

तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटून दामोदर गेला.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनीनं ते कार्ड रघुवीरपुढे ठेवलं. “ठेवा, भावजी. तुम्हांलाच लागू पडलं ते.” त्यानं ते खिशात घातलं.

इस्पितळाच्या कॉम्प्युटरमध्ये दामोदर अजूनही शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बरा आहे. त्या फुकटातल्या ऑपरेशनची किंमत मोजली ती वहिनीनं, आणि तिचं नाव त्या नोंदीत कुठेच नाही.