काकांच्या गॉगलमधलं खळं

यंदा इंद्रजीतकाकांची पुण्यतिथी रद्द झाली म्हणे. छे, तसं काही झालेलं नाही. हार आणलाय.

काका लढाऊ वैमानिक. एकाहत्तरच्या युद्धाच्या दिवसांत, सराव करताना विमान कोसळून तेविसाव्या वर्षी गेले. फोटोतल्या त्यांच्या गॉगलमध्ये नुसतं आभाळ दिसायचं. गेल्या वर्षी त्यात माळशेजचा डोंगर आला. आज त्याच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यातलं आमचं खळं दिसतंय.

"दादा उतरतोय! पेंढा हलव रे," आत्या खुशीत म्हणाली.

मी हलवला. गॉगलमधलाही हलला.

मग त्यात मी दिसलो, वर बघताना. मी तर फोटोकडेच बघत होतो.

बसून वीज कंपनीला अर्ज लिहिला: "काकांच्या वेळी गावात वीज नव्हती, त्यामुळे उतरताना त्यांना तारेचा अंदाज येणार नाही. तरी खळ्यावरची तार आज दुपारपुरती काढावी, ही नम्र विनंती."