भिंतीला बोलावणं

आकारामला एक पांढरा माणूस हवा होता, आणि तोही अक्षता पडायच्या आत.

मांडवात पांढरं काही नव्हतंच. वर पावसाच्या भीतीनं बांधलेली काळी ताडपत्री, बाजूला गडद हिरवे पडदे, आणि नवरीच्या बापानं, गणपतरावांनी, झाडून सगळ्या पुरुषांना बांधलेले गर्द लाल फेटे. लाल फेट्यावर उजेड मारला तर तो परत येत नाही, तिथंच बसून राहतो.

फ्लॅश सरळ तोंडावर मारायची सोय होती. पण शिरोळच्या लग्नात तसा मारला, तर नवरी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी आली, आणि मुलाच्या आईनं 'ही आमची सून न्हाय' म्हणून फोटो परत पाठवले. हेही लग्न तसंच निघालं तर दुकानाची पाटी उतरवायची, असं आकारामनं बायकोला सांगून ठेवलं होतं. उजेड आधी कशावर तरी आपटून, मऊ करून माणसावर पाडायला हवा. बाकीचे फोटोवाले त्यासाठी हात वर करून फ्लॅश फिरवतात. आकारामचा उजवा हात खांद्यातून उचलत नव्हता आणि मनगटातून वळत नव्हता. त्यानं फ्लॅश त्याच दंडाला सुतळीनं बांधून टाकला होता, तोंड कायमचं उजवीकडं. कॅमेरा गळ्यात, बटण डाव्या हाताला. बाकीचे भिंत बघून हात वळवतात. आकारामला हात बघून भिंत आणावी लागायची.

आणि भिंत बाहेर शेजाऱ्याच्या पायरीवर बसली होती. नवरीचे मामा, गडमुडशिंगीचे हंबीरराव. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा, आणि मधे थोडासा मामा. पत्रिका पोस्टानं आली म्हणून ते रुसले होते. गडमुडशिंगी काय लंडनात हाय का, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापुरातनं सायकलवर टांग टाकली तर घाम यायच्या आत माणूस पोचतो. लग्नाला आले, पण लाल फेटा बांधून घेतला नाही, मांडवात पाय ठेवला नाही, आणि फोटोत येणार नाही अशी शपथ घेतली. समजूत काढायला गेलेली माणसं एकेक करून परत आली होती.

आकाराम त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मामा, तुमाला फोटोत यायचं न्हाय म्हणं?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"मग तुमीच पायजे."

त्यानं शिरोळपासून सगळं समजावून सांगितलं. हंबीररावांनी सगळ्या विनवण्यांना उत्तरं तयार ठेवली होती, पण ही विनवणी त्यांत नव्हती. ह्यात आपला अपमान कुठं आहे, ते त्यांनी बराच वेळ शोधलं. सापडला नाही.

"म्हंजे मी भिंत?"

"खरी भिंत असती तर तुमाला कशाला उठवलं असतं?"

हंबीरराव मांडवात आले. त्यांची बहीण चिमणाबाई, नवरीची आई, लगबगीनं पुढं आली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. म्हणाले, मी आलेलो न्हाय, ही भिंत हाय.

भिंत चांगली निघाली. आकारामच्या उजवीकडं छाती काढून उभी राहायची, धोतराचा सोगा दोन्ही हातांनी ताणून धरायची. फ्लॅश उडाला की उजेड मामांवर आपटून नवरीच्या तोंडावर सायीसारखा पसरायचा. हळूहळू मामांना गोडी लागली. मधे आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी, उजेड अडतोय, सरका, म्हणून हाकललं. हे कोण, असं नवऱ्याच्या चुलत्यानं विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, फोटोवाल्याचं सामान.

आंतरपाट धरला. मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी मुलीच्या मामाला बोलावलं. मुलीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तिथं कुणी नव्हतं. सगळा मांडव भिंतीकडं बघायला लागला.

चिमणाबाई भिंतीपुढं येऊन उभी राहिली. पत्रिकेचं काही बोलली नाही.

"दादा, पोरगी एकटी हुबी हाय."

हंबीररावांनी आकारामकडं बघितलं. आंतरपाट खाली येतानाचा फोटो हाच लग्नाचा फोटो. बाकीचे नुसते पाहुणे. मामा गेले की उजेड गेला, आणि उजेडामागं पाटी. आकारामनं मान खाली घातली.

"जावा मामा. शिरोळसारखा येईल. येऊ दे."

हंबीरराव जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्याला नेले आणि फेटा सोडायला सुरुवात केली. लग्नात माणूस एक वेळ उपाशी राहील, पण उघड्या डोक्यानं उभा राहणार नाही. हंबीररावांचं डोकं तर सख्ख्या बहिणीनंही लहानपणानंतर बघितलं नव्हतं. कपाळ उन्हानं रापलेलं, आणि त्याच्यावर तान्ह्या बाळासारखं गोरंपान टक्कल.

फेटा पुरता सुटला. दुहेरी केल्यावर चादरीएवढा झाला. एक बाजू त्यांनी आकारामच्या उजवीकडच्या खांबाला बांधली. दुसरी गणपतरावांच्या हातात दिली.

"वर धरा. हलायचं न्हाय, पावणं," म्हणाले, आणि उघड्या डोक्यानं पोरीच्या मागं जाऊन उभे राहिले.

गणपतरावांनी हात वर केले. पोरीचं लग्न लागलं ते त्यांना दिसलं नाही. नाकापुढं पांढरं कापड होतं, आणि कापडापलीकडं अक्षता पडल्याचा आवाज.

आंतरपाट खाली आला तेव्हा आकारामनं बटण दाबलं. फोटोत सगळ्यांची तोंडं लख्ख आली आहेत. नवरा नवरीकडं बघतो आहे. नवरी मात्र मान मागं वळवून मामांचं डोकं बघते आहे, आणि हसू काही तिला आवरत नाही. मामांचं तोंड उघडं आहे. ते काय बोलत होते, ते जवळच उभ्या भटजींनी ऐकलं.

"फुडं बघ, फुडं. लगीन तिकडं हाय."