रडणाऱ्या बायकोचं पान

संपात पकडलेल्या मुलाला भेटायला म्हातारा बाप तुरुंगात आला. खिशात माफीनामा होता; मुलानं सही केली की सुटका.

"बाबा, मी दिलेली सॉक्रेटिसची गोष्ट वाचलीत ना? पळून जायची सोय होती, तरी तो विष प्यायला."

"वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून. बायको रडायला लागली तशी त्यानं तिला घरी धाडली, आणि मित्रांशी ज्ञानाच्या गप्पा मारत बसला."

मुलगा हसला. "एवढ्या मोठ्या माणसात तुम्हाला तेवढंच दिसलं?"

"मला कुठलं दिसतंय! तुझ्या बायकोला वाचून दाखवत होतो, तिनं पकडलं. फाटकाबाहेर बसलीय. म्हणते, सही करा नाहीतर करू नका, पण आधी मला आत बोलवून विचारा."