मंगळाची वेळ

वैभवीच्या पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत चालले होते. डॉक्टरांनी ताबडतोब सिझेरियन करायला सांगितलं, पण सासूनं, बेबीबाईनं, संमतीचा कागद मुलाच्या हातून ओढून घेतला आणि महाल भागातल्या रामाजी जोतिषांना फोन लावला.

"गुरुजी, आत्ता वृश्चिक लग्न चालू आहे. स्वामी मंगळ, लेकरू तापट निघन. अर्ध्या तासानं धनू लागते, त्याचा स्वामी गुरू. तोवर थांबून जाऊ काय?"

मागून नर्स ओरडत होती, "सही करा हो लवकर!"

"थांबू नका," रामाजी म्हणाले. "मंगळ बलवान आहे. लेकराले तोच सांभाळन. आत्ताच सही करा."

वीस मिनिटांनी रामाजींना बेबीबाईचा पुन्हा फोन आला. नातू झाला होता. मायलेक सुखरूप होते.

फोन ठेवताच रामाजींच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, विचारलं, "अवो, मंगळ तर सध्या नीचेचा आहे, काही बळच नाही त्याच्यात. तुम्ही खोटं काहून सांगितलं?"

रामाजींनी समोरचं पंचांग मिटून बाजूला ठेवलं.

 

"आपल्या पोरीच्या टायमाले मीच डॉक्टरले थांबवलं होतं, प्रेमिला. पोरगी रडलीच नाही."