लाकडात कोरलेलं चाक

"सिस्टर, ही बाई बैलगाडीचं चाक धरून काहून उभी आहे?"

पैज वर्गातल्या सोनियानं लावली होती. विचारलं मात्र ऋतानं, तेही भर लायब्ररीत, खणखणीत आवाजात. मागे पोट्ट्या फिदीफिदी हसल्या.

सिस्टर प्रिस्का नागपूरच्या. त्या रागावल्या नाहीत. ते चित्र असलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी हळूच सरळ केलं.

"संत कॅथरिन. ह्याच चाकावर तिला मारणार होते. म्हणून चित्रात ते तिच्या हाती. ज्यानं छळलं, ते संत लपवत नाहीत."

मग कपाटातून त्यांनी तसल्याच चित्राचा लाकडी ठोकळा काढला. "पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं. काळं हवं ते उभं ठेवायचं. आणि सगळं उलटं! छापलं की सुलटं होतं."

ऋतानं त्यावर बोट फिरवलं. चाकाचा एकेक आरा बोटाला लागला. पोट्ट्या कंटाळून गेल्या, ती हलेना.

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की तासभर सिस्टरांकडे. नंतर सायकल हातात धरून पायी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, दिवेलागणीच्या आत घरी. निघताना सिस्टर रोज विचारायच्या, "घरी सांगितलंस?"

"सांगते," ऋता म्हणायची. आणि सांगायची नाही.

घरी पद्मिनी, तिची आई, तिच्यावर नजर ठेवून होती. पोरगी भाजी समजून लोणच्यात हात घालायची. सदर बाजारात सख्खी मावशी समोरून गेली, हिनं ओळख दिली नाही. खिडकीशी सिस्टरांकडून आणलेल्या त्या प्रार्थनेच्या पुस्तकाला नाक लावून बसायची.

"ध्यान लागलं तिले. आपली पोट्टी नन होऊन राहिली, अहो!"

बाबा, शिशिरराव, राज्याच्या नव्या राजधानीत मंत्रालयात नोकरीला होते. ते शांतपणे म्हणाले, "सोमवारी नाव काढतो त्या शाळेतून."

दाराआड ऋतानं ते ऐकलं. शाळा गेली की सिस्टर गेल्या. मग तिच्यासाठी काहीच उरत नव्हतं.

सोमवारी बाबा बूट घालत होते. ती भिंतीला हात लावत पुढे आली.

"बाबा, मी ठरवलं."

पद्मिनीनं तिचा दंड धरला. "नको बोलू, बाई! धर्म सोडशील तर मले मेलेली समज."

"मी नन-बिन नाही होऊन राहिली, आई. डोळे जाऊन राहिले माझे, सिस्टरांना ठाऊक आहे. आजपासून मी पांढरी काठी घेऊन चालणार."